मागच्या ऑगस्टची टेप

१८ ऑगस्ट, सोमवार
लहानपणी मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचा पडदा बांबूवर गुंडाळत वर जायचा. दोर कप्पीला घासायचा. कर्र... कर्र... मग एक झटका, आणि समोर राजवाडा. आज आमच्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये रिपोर्ट साठवलेली टेप मागे गुंडाळताना अगदी तोच आवाज. क्षणभर बाबांच्या मांडीवर होतो.

राजवाडा कसला, समोर मेलेला संगणक. शनिवारच्या विजेने गेला. नवा आणला, पण त्याला आपली एकही टेप ओळखू येत नाही. कुठलीही घाला, म्हणतो, रिकामी दिसते, वापरू का? किशोर 'हो' दाबणार होता. त्याचा हात धरला. रक्त तपासायला हुशार आहे पोरगा, पण टेपेच्या बाबतीत घाई.
आधी टेप वाचायला लावली, तेव्हा ओळख पटून शनिवारच्या टेपेवरून चालू कामाचे रिपोर्ट परत आले. लॅब चालवणाऱ्या शबानाने सुस्कारा सोडला. जुने रिपोर्ट जागेपायी संगणकावर ठेवतच नाही, ते फक्त महिन्यांच्या टेपांवर. बारा महिने, बारा टेपा. वर्ष उलटलं की त्या महिन्याची टेप पुसून पुन्हा कामाला. डेपोतून निवृत्त झाल्यापासून ही राखण माझी. त्यावर ओळीही केल्या होत्या:
आला मास, गेला मास, फिरे रहाट टेपेचा,
भरलेला पोहरा राखावा, रिता सोडावा खेपेचा.
शबाना म्हणते, काका, हे फ्रेम करून लावू. थट्टाच.

१९ ऑगस्ट, मंगळवार
दुपारी शंकर आला. नदीवर जाळं टाकणारा, मासोळी बाजारात बसतो तो. टोपलं बाहेर ठेवलं, आत येईना. म्हणे, वास येईल जी.
त्याची लेक वनिता भामरागडकडे दिलेली. सिकलसेल. आता दिवस भरत आलेत, अंगात रक्त नाही, आणि पुरामुळे रस्ता बंद. तिथल्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंचा शबानाला फोन. मागच्या वर्षी माहेरी असताना वनिताला रक्त चढवलं होतं, तेव्हा आपणच नमुना नागपूरला पाठवला होता. तिच्या रक्तात काहीतरी निघालं होतं, त्यामुळे तिच्या गटाचं असलं तरी सगळं रक्त चालत नाही. कोणतं चालत नाही, ते त्या रिपोर्टात.
वनिताजवळचा कागद पुराच्या पाण्यात गेला. नागपूरची ती लॅब यंदा बंद पडली. रक्त चढवलं ते गडचिरोलीला, तिथे तेवढीच नोंद आहे, बाकी काही नाही.
मी विचारलं, आता पुन्हा तपासता येत नाही? शबाना म्हणाली, "तपासलं काका त्यांनी. काहीच दिसत नाही. दिसणं बंद होतं, पण शरीर भूलता नहीं. चुकीचं गेलं तर..." शंकर दारात होता म्हणून थांबली.
शंकर एवढंच म्हणाला, "पोरीले कोणतं चालत नाई, तेवढं पाहून द्या जी."
रिपोर्ट मागच्या ऑगस्टच्या अखेरचा. म्हणजे ऑगस्टची टेप. ती या महिनाअखेर पुसायची होती. वाचली म्हणायची. उद्या सकाळी लावतो.

२० ऑगस्ट, बुधवार
ऑगस्टची चिठ्ठी असलेल्या टेपेत मार्च निघाला.
दोनदा पाहिलं. मार्चच.
मग उलगडलं. मागचा दसरा. दरवर्षी यंत्रांची पूजा करतो, झेंडू शबानाच्या घरून येतात, तेव्हाही तिनेच आणले होते. सूक्ष्मदर्शक, सेंट्रिफ्यूज, आणि पुढे मांडलेल्या महिन्यांच्या टेपा. सगळ्यांना हळदकुंकू. दुसऱ्या दिवशी मी भाचीकडे आरमोरीला. किशोरने ओल्या फडक्याने कुंकू पुसलं, त्यासोबत चिठ्ठ्यांची शाई पण. मग आठवेल तशी नावं लिहून डकवली. आज सांगितलं. रडवेला झाला.
"भाऊ, कुंकू तसंच ठेवलं असतं त मशीनमंदी गेलं असतं ना."
ते खरंच आहे. 
दसऱ्यानंतर ऑक्टोबर ते जुलै अशा चिठ्ठ्या पाहून एकेक टेप पुसत आलो. त्यात खरा ऑगस्ट गेला असेल तर गेला. न पुसलेली आता एकच उरली, सप्टेंबरची चिठ्ठी असलेली. तिच्या कडेचं लाल बटण सरकवून कुलूप केलं. बाकीच्यांचंही केलं.
किशोर: "सारेच लॉक करून राह्यले, त आजचं कशावर घेऊ?"
म्हटलं, मार्चवर घे. मार्च कोणी मागत नाही. म्हणालो खरा, पण मार्चमध्येही कोणाची वनिता असेलच.
ती एक टेप उद्या. आज वीज लपंडाव खेळतेय, मध्येच गेली तर?
मन शांत व्हावं म्हणून चौथीतली नदीची कविता म्हणू लागलो. दोन कडवी खणखणीत. तिसरं आलंच नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार
ऑगस्ट आहे!
सप्टेंबरच्या चिठ्ठीखाली ऑगस्ट. पडद्यावर पहिल्या आठवड्यातली नावं उतरू लागली तेव्हा किशोरने माझा दंड इतका दाबला की अजून दुखतोय. दुसरा आठवडा. राखीपौर्णिमेचा तिसरा. मग टेप वाचणारी ड्राइव्ह घरघरली, थांबली. पिवळा दिवा. म्हणजे तिचं वाचायचं डोकं मळलंय, साफ करायची टेप घाला.
आपली सफाईची टेप संपलेली. तिलाही ठरावीकच खेपा असतात. चंद्रपूरला फोन केला, दुकानदार उद्याच्या बसने देतो म्हणाला. उद्या पोळा. बस येईल की नाही?
शंकर बाकावर बसून होता. आज टोपलं आणलंच नव्हतं. म्हणाला, "एक डाव तशीच चालवून पाहा ना जी." किशोरचंही तेच मत.
मी नाही म्हटलं. मळक्या डोक्यावर टेप घासली, तुटली, तर पुढचं सगळंच गेलं. शबानाने माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, काका म्हणतील तसं.
शंकर उठून गेला. त्याची पाठ दिवसभर डोळ्यांपुढे आहे.
संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन. पाणी उतरतंय. उद्या दुपारनंतर नाव घालता येईल, गडचिरोलीहून रक्त पैलतीरापर्यंत येईल. "पण कोणतं मागवू ते सांगा." वनिताला धाप लागतेय. थांबायला फार वेळ नाही.
मी चुकलो तर?

२२ ऑगस्ट, पोळा
बस आली नाही. दुकानदार म्हणतो चंद्रपूरहून निघाली. नागभीडला कुठे तरी अडकली असावी.
किशोर मोटारसायकल घेऊन बसच्या वाटेवर गेलाय. मैदानावर बैल तोरणाखाली लागले, पोळ्याच्या झडत्या, सवालजवाबाची गाणी, ऐकू येतायत. एरवी मी पुढे उभा असतो, एखादी आपलीही ठोकून देतो. आज ड्राइव्हजवळ. टेप अजून आत. बाहेर काढायचीही भीती.
शबानाने दोनदा विचारलं, एकदा चालवायची का? दुसऱ्यांदा हात बटणाकडे गेला माझा. परत घेतला.
डॉक्टरीणबाईंचा फोन, नाव तयार आहे. म्हटलं, थोडं थांबा. किती थोडं, ते त्यांनी विचारलं. मी...
दार वाजलं. किशोर वाटला. नव्हता. दांडगा, मिशीवाला माणूस, कपाळाला पोळ्याचा गुलाल. कुठे तरी पाहिलेला. मग ओळखला, हिवाळ्यात आपल्या नाटकांत दुष्ट सावकार करतो, बाया ज्याला बोटं मोडून शिव्या देतात, तो. त्याच्यामागे शंकर, धापा टाकत. शंकर म्हणे कालपासून मासोळी बाजारात, बसस्टँडवर, चहाच्या टपऱ्यांवर, दिसेल त्याला विचारत फिरला, मागच्या साली माझ्या पोरीला रक्त कोणी दिलं होतं.
तो माणूस चपला काढून आत आला, आवाज एकदम हळू.
"मागच्या साली गडचिरोलीले एका पोरीले दुसऱ्याचं रक्त चालत नव्हतं, त माझं चाललं होतं म्हणे. नाव नाई मालूम मले. हेच का ते?"
शबाना उभी राहिली. मी टेपेकडे पाहिलं, तिने फोनकडे.
सदऱ्याची बाही त्याने आधीच कोपरापर्यंत दुमडलेली.