लाल यादीतली शाळा

१२ ऑगस्ट, सोमवार

शाळाभेटीचा नवीन फॉर्म आला! जुना बेचाळीस मुद्द्यांचा होता, हा सत्तावन्न. शाळांची सुधारणा होवो न होवो, फॉर्मची होते आहे.

जयपूरजवळच्या बगरूच्या पुढची एक शाळा माझ्या गळ्यात आली आहे. पाचवीत एकतीस मुलं, त्यातल्या सव्वीस जणांना दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही. म्हणून शाळा लाल यादीत. अशा प्रत्येक शाळेला राज्याच्या शिक्षण कक्षाकडून एक मार्गदर्शक मिळतो — म्हणजे मी. कॉलेजात भावी शिक्षकांना शिकवत होते ते सोडून दोन वर्षांसाठी इथे आले. हौस! जानेवारीच्या चाचणीत निम्मी मुलं वाचती झाली नाहीत, तर शाळा बंद करून चार किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत मिसळणार. मुलगे सायकली मारत जातील. मुली घरी बसतील. हे फॉर्ममध्ये कुठेच विचारलेलं नाही.

१३ ऑगस्ट

पहिली भेट. मुख्याध्यापिका सुमित्राजी फाटकातच उभ्या. आत नेऊन आधी कपाट दाखवलं. तीन वर्षांत आलेली सगळी मदत त्यात. तीन वाचनपेट्या, सीलबंद! उघडल्या का नाहीत? "मैडम, एक किताब भी फटी तो जवाब कौन देगा?"

मी तिथेच तिन्ही पेट्यांची सील फोडली. सुमित्राजींचा चेहरा पडला. म्हटलं, लिहून देते, मी फोडली. लिहून दिल्यावरच चहा आला.

२७ ऑगस्ट

पाचवीवर नंदकिशोरजी. पस्तिशीचे, बारीक आवाजाचे. रोज आमेरहून दोन बस बदलून येतात. मी वर्गात पाऊल टाकलं की मुलं उभी राहून स्वागतगीत म्हणतात, मग नंदकिशोरजी मला खुर्ची, पंखा, पाणी — वीस मिनिटं गेली! आज हात जोडले. म्हटलं, मी इथे नाहीच असं समजा.

आणि मग पाहिलं. "कल किसके घर क्या हुआ?" एवढंच विचारतात. पोरं सांगतात, ते मुलांच्याच बोलीत फळ्यावर लिहितात. कुणाची बकरी व्याली. कुणाच्या काकांच्या हातून कापडाचं सबंध थान उलटं छापलं गेलं आणि घरात आरडाओरडा झाला. हात निळे-काळे झालेली ही छिप्यांची, कापडावर ठसे छापणाऱ्यांची मुलं. आपल्याच घरचं भांडण वाचायला सगळी पुढे सरकतात. मग तेच वाक्य हिंदीत. मग पुस्तक.

धापू म्हणून एक मुलगी आहे. चौथी मुलगी झाली की इकडे असं नाव ठेवतात, आता पुरे म्हणून. जुलैमध्ये तिला म्हणे एक अक्षर ओळखता येत नव्हतं. आज तिने बकरीचं वाक्य बोट ठेवून वाचलं. मला भरून आलं, उगाच खोकले.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. कक्षाने सगळ्या शिक्षकांना ऑनलाइन बसवून अडीच तास भाषण ऐकवलं. विषय — वर्गातला वेळ कसा वाचवावा.

२० सप्टेंबर

शाळेत गेले तर नंदकिशोरजी नाहीत. पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला. वाचन कसं शिकवावं याच्या! पाचवी आणि चौथी एकत्र, सुमित्राजी एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने पाढे म्हणून घेताहेत. फोनवर आमचंच ऑफिस — आजच्या आज फोटो पाठवा, मुलांच्या हातात पुस्तकं दिसली पाहिजेत.

दिसली. उलटी धरलेली दोन-तीन, पण दिसली.

८ ऑक्टोबर

आज परत नंदकिशोरजी नाहीत. मतदार यादीचं काम.

घरी येऊन मी इतकी तणतणले की अवनी म्हणाली, "आई, तू मतलब रोजच गुस्सा करते. नोकरी सोड ना." सतरा वर्षांची झाली, मराठी अजून अशी. उमाकांत वर्तमानपत्रातून म्हणतात, "सोडली तर चिडायला काय राहील तिला?" या घरात कुणालाही माझी दया नाही.

१२ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिला दिवस. सुमित्राजींकडून हजेरीपट मागून घेतला आणि ऑफिसात बसून मोजलं. जुलैपासून शाळा भरली पंचाऐंशी दिवस. नंदकिशोरजी वर्गात — बावन्न. बाकी प्रशिक्षण, मतदार यादी, पुस्तकं आणायला तालुक्याला, आढावा बैठक, ॲपची बैठक, ॲप चालत नाही म्हणून बैठक. आणि सात दिवसांपुढे सुमित्राजींच्या अक्षरात: "मार्गदर्शक मैडम का दौरा — शिक्षण नहीं हुआ."

सात! मी!

एवढी लाज मला कित्येक वर्षांत वाटली नव्हती. कपाळावर हात मारून बसले. या शाळेला मदत करणारे आम्ही सगळे जर घरी झोपून राहिलो असतो तर तेहतीस दिवस मुलं वाचत बसली असती.

१४ नोव्हेंबर

तावातावाने उपसंचालक साहेबांकडे गेले. म्हटलं, एकच मदत करा, या माणसाला वर्गातून उठवू नका. साहेब शांत. साहेब नेहमीच शांत असतात. "नीलिमाजी, ऐसे नहीं होता. लिखकर दीजिए. पर ज़ोरदार लिखिए, तब ऊपर सुनते हैं."

लिहिते. असं लिहिते की त्यांना ऐकावंच लागेल.

१५ नोव्हेंबर

चार पानं झाली. सगळं घातलं. बकरी, उलटं थान, धापू, फळा. शेवटी लिहिलं — संपूर्ण जिल्ह्यात असा दुसरा शिक्षक मी पाहिलेला नाही, राज्याने यांची कदर करावी. उमाकांतना वाचून दाखवलं. म्हणाले, "माझ्याबद्दल कधी एवढं लिहिलं नाहीस." खूष होते मी. वाचताना स्वतःवरच खूष.

३ डिसेंबर

उत्तर नाही. पण नंदकिशोरजींना तीन आठवड्यांत एकदाही उठवलं नाही! मीही गेले नाही. भेटीचे फॉर्म फोनवर विचारून भरले — पहिल्यांदाच खोटे, आणि पहिल्यांदाच उपयोगाचे.

१८ डिसेंबर

सुमित्राजींचा फोन. "मैडम, धापू ने पूरी कहानी पढ़ी. बिना अटके." माझ्याआधी त्याच रडल्या.

१४ जानेवारी

संक्रांत. अख्खं जयपूर गच्चीवर, पतंगांनी आभाळ दिसत नाही. ऑफिसचा मेसेज: फॉर्ममध्ये तीन मुद्दे वाढवले आहेत.

२१ जानेवारी, मंगळवार

चाचणी झाली. बाहेरची माणसं आली होती, मी फाटकाबाहेर गाडीत बसून राहिले, नखं खात. एकतीसपैकी एकोणीस! निम्म्याहून वर! शाळा वाचली. नंदकिशोरजी बाहेर आले तेव्हा त्यांच्या शर्टावर खडूची धूळ होती. दोघंही "अच्छा हुआ, अच्छा हुआ" एवढंच म्हणत राहिलो.

६ फेब्रुवारी

आदेश आला. नंदकिशोरजींची राज्य कक्षात नियुक्ती. तज्ज्ञ प्रशिक्षक. उद्यापासून. आधार — माझा १५ नोव्हेंबरचा अहवाल. राज्याने कदर केली.

धावत साहेबांकडे. "आप ही ने तो लिखा था!" त्यांना खरंच कळत नव्हतं मी का ओरडते आहे. बरं, नंदकिशोरजींच्या जागी पाचवीवर कोण? कुणी नाही. शाळा लाल यादीतून वर आली ना, आता तिला प्राधान्य नाही. पुढच्या सत्रात बघू.

७ फेब्रुवारी

नंदकिशोरजी ऑफिसात रुजू झाले, मिठाईचा डबा घेऊन. माझ्या पाया पडायला वाकले. आई आजारी आहे त्यांची, आता रोजची चार तासांची बस सुटली. "मैडम, आपने मेरी ज़िंदगी बना दी." त्यांच्या जागी मी असते तरी आले असते. पेढा घेतला. कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

संध्याकाळी सुमित्राजींना फोन केला. वाटलं, चार शब्द सुनावतील. सुनावले असते तर बरं झालं असतं. "आपने तो अच्छे मन से किया," म्हणाल्या. मागून दोन वर्गांचा एकत्र गोंधळ ऐकू येत होता.

११ फेब्रुवारी

अजून बारा मुलं राहिली आहेत. वाचायला लागलेलीही सोडली तर परत मागे पडतील, हे मीच कॉलेजात दरवर्षी सांगते. उमाकांत म्हणाले, "मग तू जा ना. तुझ्याएवढं कुणाला येतं?" चेष्टेत नाही म्हणाले.

तीन दिवसांची रजा टाकली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

तीन दिवस पाचवीवर मी होते. बावीस वर्षं शिक्षकांना शिकवते आहे. बारापैकी एकाही मुलाने माझ्यासमोर एक ओळ वाचली नाही, आणि काल-परवा वाचणारी धापूही तिसऱ्या दिवशी खिडकीबाहेर बघत बसली. मला हे येत नाही. येतच नव्हतं.

उद्या वही घेऊन नंदकिशोरजींच्या टेबलापुढे बसणार आहे. शिकवतील का, विचारते.