पाण्यावर ठरवलेला दाब

१४ मार्च, सकाळ

धाकट्या,

आशीर्वाद. घ्यावासा वाटला तर घे.

आईचा गुडघा बरा आहे. मांजरीला तीन पिल्लं झाली, तीही माझ्या कपाटात. बाकी सगळं ठीक, असं लिहिणार होते. पण दोन वर्षांनी पत्र लिहायचं आणि त्यातही थापा मारायच्या, हे काही खरं नाही.

गेल्या आठवड्यात कारखान्यात दुसरा पंप खोलला. आपला तोच, द्रवरूप नायट्रोजनचा. बेअरिंग गेलेलं. जुळणी फिटरकाकांची, ज्यांनी तुला पाना धरायला शिकवलं. साहेब म्हणाले, "कचरा राहिला असणार." काकांनी माझ्याकडे बघितलं. "पोरी, चाळीस वर्षांनी मीही घाणेरडा झालो का गं?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

अरे, कचऱ्याने लांबलचक ओरखडे उठतात. इथे नुसते बारीक खड्डे, सुईने टोचल्यासारखे. या बेअरिंगला तेल नसतं, तो गार द्रवच वंगण, आणि तो कायम उकळायच्या बेतात. दाब कमी पडला की फटीत बुडबुडे होतात, फुटतात आणि धातू टोकरतात. दाब ठरवतं कोण? मी. पाण्यावर चाचणी घेतली तेव्हाचाच आकडा मी नायट्रोजनलाही ठेवला. पाणी बिचारं निमूट चाललं होतं ना, म्हणून.

दोन वर्षांपूर्वी तू जुळवलेल्या पंपातही हेच खड्डे होते. मी भिंगातून पाहिले होते, धाकट्या. तरी अहवालात "जुळणीत कचरा" लिहिलं आणि खाली सही ठोकली. घाबरले होते. तू एवढंच म्हणालास, "ताई, मी नीट धुतलं होतं गं." मी मान वर केली नाही. तुला कामावरून काढलं, तेव्हाही नाही.

परवा नवं बेअरिंग घालून, दाब वाढवून पंप सहा तास चालवला. एक खड्डा नाही. अहवाल नव्याने लिहून दिला: दोन्ही वेळा चूक माझी. सोमवारपासून मी चाचणीवर नाही, भांडारात बसायचं. तुझ्यावरचा ठपका काढल्याचं साहेबांचं पत्र सोबत जोडलंय. नीट ठेव.

आईला वाटायचं, कामामुळे तू येत नाहीस. काल तिला खरं सांगितलं. तिने माझं ताट वाढलं आणि उठून गेली. अजून माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबरच आहे, पण घरात आता तिला बोलायला कुणीच उरलं नाही रे.

माझं तोंड बघू नकोस हवं तर. रविवारी मी दिवसभर बाहेर राहीन. दार आई उघडेल.

तू म्हणशील तरच तुझी,
ताई