कुमुदच्या कॅसेटमधली ती ओळ

नाशिक, मार्गशीर्षातला गुरुवार, १९८३

आज हळदीकुंकवानंतर आमच्या भजनी मंडळाने कुमुदची कॅसेट ऐकली. गाणी तिने स्वतः रचलेली, इतकी वर्षं आम्ही पेटी-टाळांवर म्हणत आलो तीच, पण आता मुंबईला जाऊन गिटार आणि ड्रमवर बसवलेली. तिच्यामागून मी जी ओळ ओढायचे, ती चार मुली म्हणतात. गोड म्हणतात मेल्या.

काकू म्हणाल्या, "पूर्वी डोळे मिटायचे, आता पाय हलतात."

"हलू देत की," सिंधू म्हणाली. "माझी सून पहिल्यांदाच भजन ऐकत बसली."

सगळ्या हसल्या. मग कुमुदने मलाच विचारलं, "वहिनी, तुम्हाला कसं वाटलं?"

"वाजवणंच फार झालंय. मला त्यात देव कुठे सापडला नाही."

तिचा चेहरा उतरला. बायकांनी माना डोलावल्या, माझे नेमधर्म सगळ्यांना ठाऊक. पण देवाचं नाव मी मध्ये कशाला घातलं? सापडली नव्हती ती माझ्या आवाजातली ओळ.

श्रावणात कुमुद घरी आली होती. "मुंबईला येता का वहिनी? ती ओळ तुमच्याशिवाय कोण म्हणणार?" मी म्हटलं, चातुर्मासात रोज गंगेवर, रामकुंडात स्नानाचा नेम आहे, कसं जमेल? "बरं," म्हणाली आणि गेली.

आपल्यात साधा लाडूसुद्धा कोणी पहिल्या आग्रहाला उचलत नाही. एवढं तिला कळू नये? अजून एकदा विचारलं असतं, तर नेम मोडून गेले असते मी.