बेटावर मीच पाहुणा

शुक्रवार, संध्याकाळ, मस्कत

आज आमच्या टूर कंपनीचीच बोट भाड्याने घेतली. अर्धा दिवस, एकट्यासाठी, गाईडसकट. दोन वर्षं ती रोज धुतोय, पण ती पाहुण्यांना नेते ते बेट बघितलं नव्हतं. खोलीवरचा दिलीपदादा म्हणाला, "समुद्र बघायला पैसे? मालवणात फुकट होता की रे!" हसू दे.

गाईड सालिमने विचारलं, "मेहमान किधर?" म्हटलं, मीच. त्याने बेटावर फिरवलं, परतताना पाण्यातली कासवं दाखवली, पण माझं लक्ष बोटीतल्या वाळूकडे. दोनदा बादलीकडे हात गेला. का जावा?

परतलो तर धक्क्यावर अर्बाब, आमचा मालक. "यल्ला, बोट धो डालो!" वाळू माझ्याच पायांनी आलेली, तरी म्हटलं, "अर्बाब, आज मैं कस्टमर है. कल धोएगा." आणि निघालो.

उद्या ओरडेल. ओरडू दे. बेट बघून झालंय माझं.