खुर्ची खाली ठेवली

मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. सहा महिने समुपदेशक म्हणून तुरुंगात जाऊन मी दिनेश या कैद्याला एकच शिकवतेय, राग आला की थांबायचं. फाइलवर 'व्यक्तिमत्त्व विकार' लिहिलंय, म्हणून तो सुधारणारच नाही असं सगळे धरून चाललेत. आज शिपायाने त्याला आईवरून शिवी दिली. त्याने खुर्ची उचलली. थांबला. आणि खाली ठेवली! मी समोरच होते. "मॅडम, ठेवली ना मी?" एवढंच म्हणाला. रिपोर्टात काय, तर 'खुर्ची उचलली'. त्याचं समुपदेशन बंद. खाली ठेवली, ते कोण लिहिणार?

परळला घरी आले आणि जेवणाचा डबा भिंतीवर फेकला. आई म्हणाली, "दमलीस ना गं?"