आधी हात, मग सुई

प्रिय बाबा,

एकाच घरात राहून पत्र लिहिते आहे, तुम्हाला हसू येईल. तुमच्या खोलीपासून माझ्या खोलीपर्यंत नऊ पावलं आहेत. पण गेले चार दिवस मी विषय काढला की तुम्ही रेडिओ मोठा करता, आणि तुमच्याशी भांडताना मला रडू येतं, मग मुद्दा राहतो बाजूलाच. कागदावर रडू आलं तरी मुद्दा जागेवर राहतो, म्हणून हा उद्योग.

आधी तिची बातमी. आपली मास्तरीण गाय सुधारते आहे. पोटात अडकलेली वार तिसऱ्या दिवशी पडली, ताप उतरला, आज तिने घमेलंभर पेंड खाल्ली आणि शेपूट धुताना मला लाथ मारायचा प्रयत्नही केला, म्हणजे गाडी रुळावर आली. अजूनही प्रत्येकाकडे ‘वर्गात कोण बोललं’ अशा नजरेनेच बघते. तिचं वासरू मी गोठ्यामागे पुरलं. चार महिन्यांचं होतं, वीतभरापेक्षा थोडं मोठं. अंगावर केस नव्हते, पण चारी खुरं नीट तयार होती. हे तुम्ही पाहिलं नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते.

तुम्हाला ती कापडी पिशवी आठवते का? मी कॉलेजात होते. तुम्ही फुग्यांमध्ये पाणी भरून पिशवीत ठेवायचे, मला डोळे मिटायला लावायचे आणि विचारायचे, सांग, गाय किती महिन्यांची गाभण. लिंबाएवढा, संत्र्याएवढा, त्याहून मोठा. एकदा मी जोर लावला आणि फुगा जेवणाच्या टेबलावर फुटला, तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात की गाईच्या पोटात हे झालं असतं तर तू आत्ता हसत नसतीस. शाळेत सगळे माझा डावा हात सोडवायला टपलेले होते. तुम्ही एकटेच म्हणायचे, राहू दे, आपल्या धंद्यात हाच हात कामाचा. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून पहिल्यांदा गाभण गाय ओळखली, त्या दिवशी तुम्ही अख्ख्या डेअरीला चहा पाजलात. आणि नियम एकच दिलात, आधी हात, मग सुई. माजावर आणायचं इंजेक्शन देण्याआधी आत हात घालून गर्भपिशवी रिकामी आहे याची स्वतः खात्री करायची, कारण गाभण गाईला ते दिलं तर गर्भ पडतो.

हा नियम मी मोडला. त्या सकाळी चौदा गाई तपासणीच्या खोड्यात उभ्या राहायच्या होत्या आणि मॅनेजर घाई करत होते. रजिस्टरमध्ये सत्तेचाळीस नंबरपुढे, म्हणजे मास्तरणीपुढे, ‘रिकामी’ लिहिलं होतं. दोन महिन्यांपूर्वीची नोंद, तुमच्या अक्षरातली. निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून तीन सकाळी तुम्ही हौसेने तपासायला येता, तुमच्या नोंदीवर अख्खी डेअरी डोळे झाकून चालते. त्या घाईत मीही चालले. हात घातला नाही, सुई दिली. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या धारेला घड्याळकाकांना ते वासरू दिसलं.

मग मालकांच्या ऑफिसातली ती बैठक. मॅनेजर म्हणाले, घड्याळकाकांनी फरशी ओली ठेवली असणार, गाय घसरली असणार. बावीस वर्षं धारा काढणारा माणूस, हातात घड्याळ नसताना ज्याची वेळ कधी चुकली नाही, तो कोपऱ्यात टोपी हातात धरून उभा होता. मालकांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, असं होऊ शकतं. होऊ शकतं, बाबा, खोटं नाही ते. पण त्यांनी धुतलेल्या फरशीवर मी अनवाणी चालले आहे, आणि काय झालं ते आपल्या दोघांना त्याच क्षणी माहीत होतं. मीसुद्धा गप्प बसले. त्याची लाज मला तुमच्याबद्दलच्या लाजेपेक्षा जास्त वाटते.

आता तुम्हाला राग येईल असं लिहिते. तुमची बोटं बधिर होत चालली आहेत, हे मला आठ महिन्यांपासून माहीत आहे. गोळी तळहातावरून उचलता येत नाही म्हणून तुम्ही थेट तोंडात टाकता. दुधाच्या भांड्याने बोटं भाजली आणि तुम्हाला फोड आल्यावर कळलं. मी कोणाला बोलले नाही. तुमची पाठ वळली की तुम्ही तपासलेल्या गाई गुपचूप पुन्हा तपासत राहिले, तुमची इभ्रत सांभाळते आहे अशा थाटात. सत्तेचाळीस नंबर तेवढी राहून गेली. म्हणजे चूक तुमच्या बोटांची कमी आणि माझ्या तोंडाची जास्त. तेव्हाच बोलले असते तर ते वासरू आज पोटात असतं.

तुम्ही म्हणाल, तीस वर्षांचं नाव एका सकाळीत घालवशील. घालवते. नोकरी गेली तर जाऊ दे, हात माझ्याजवळच राहणार आहे. पण आपली चूक एका गरीब माणसाच्या गळ्यात बांधून मिळालेलं नाव मला वारसा म्हणून नको, आणि तुम्ही रेडिओ कितीही मोठा केलात तरी या बाबतीत मी ऐकणार नाही.

उद्या दहा वाजता मालक घड्याळकाकांना कामावरून काढणार आहेत. त्याआधी मी रजिस्टर घेऊन आत जाणार आहे, आपल्या दोघांच्या नोंदी उघडून त्यांच्यासमोर ठेवणार आहे. ही परवानगी मागत नाही, कळवते आहे. पण तुम्ही शेजारी असावं असं मला फार वाटतं. एकटीने सांगितलं तर ती तक्रार होईल, दोघांनी सांगितलं तर कबुली होईल. साडेनऊपर्यंत दाराशी थांबेन. हिवाळ्यापासून तुम्ही डोक्यातून घालायचे स्वेटरच वापरता, का ते मला ठाऊक आहे. उद्या मात्र पांढरा शर्ट घाला. बटणं मी लावून देईन.

तुमचीच,
डावरी