कांद्याची मुळं आणि माझी कायमची नोकरी

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
१२ फेब्रुवारी १९९१

ती. महिपतमामांस,

कान्हाचा नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण आईने घरभर सुकट पसरलीय, म्हणून उभ्याउभ्याच घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? बायजामामीची ढास थांबली का? खडवलीला सगळे मजेत असतील असं धरून चालतो. नसतील तर हे वाचून होतील.

तर मामा, दिवाळीत तुम्ही बोललेलात, कॉलेजातली लॅब-अटेंडंटची नोकरी कायम झाली की गुणाजीकाकांकडे त्यांच्या मालनसाठी शब्द टाकतो. (टेंपररी माणसाला कोण मुलगी देतो, हेही तुम्हीच बोललेलात, तेही चारचौघांत.) आणि ते कायम होणं कालच्या बारावीच्या प्रॅक्टिकलवर लटकलेलं. आमच्या बायोलॉजीच्या टिपणीस मॅडमनी सांगितलेलं, की कान्हा, यंदा सांगाड्याच्या तोंडात विडी ठेवली नाहीस आणि प्रॅक्टिकल नीट पार पाडलंस, तर प्रिन्सिपलना मी स्वतः लिहून देते.

काम एवढंच, की कांद्यांना मुळं आणायची. बारा बाटल्या पाण्याने भरायच्या, प्रत्येकीच्या तोंडावर एकेक कांदा बसवायचा, पाणी रोज बदलायचं. मुळाचं टोक सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला कापायचं आणि लगेच स्पिरिट आणि अ‍ॅसिडमध्ये टाकायचं, म्हणजे आतल्या पेशी ज्या अवस्थेत असतील त्यातच थांबतात. मग पोरं त्या मायक्रोस्कोपखाली बघतात. मॅडम बोलल्या, एका पेशीच्या दोन होतात, पण उगाच नाही होत. आधी आतला सगळा ऐवज डबल करते, मग तपासते, कुठे चुकलंय का. चुकलं असेल तर थांबते, दुरुस्त करते, आणि मगच मध्ये भिंत घालते. शेजारी गर्दी झाली की शहाणी पेशी आपणहून थांबते. जी कुणाचं ऐकत नाही आणि वाढतच सुटते, तिची गाठ होते. मला तर एकदम तुम्ही आणि भाऊमामा आठवलात. घर वाटताना तुम्ही आधी भिंत घातलीत आणि मग कळलं, की पाटा इकडे आणि वरवंटा तिकडे. (राग नको. दहावीला दोनदा बसलेल्या माणसाला विज्ञान असंच समजतं.)

रविवारी लॅबला कुलूप, आणि पाणी तर बदलायलाच हवं. म्हणून शनिवारी बाराही कांदे आणि बाटल्या आईच्या मासळीच्या पाटीत घालून घरी आणल्या. रस्त्यात दोन बायांनी भाव विचारला. एकीला मी सांगितला पण.

रविवारी सकाळी जरा क्रिकेट खेळून आलो, तर बाटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या आणि चुलीवर बोंबलाचं कालवण रटरटतंय. आई बोलली, "कांदं सडाय लागलं व्हतं, म्हनून कापून टाकलं. तुला काय अक्कल, पान्यात भिजत घातलंस ते." मी विचारलं, मुळं कुठेत? तिने सूप दाखवलं. कोंबड्यांसाठी काढून ठेवलेली, आणि दोन कोंबड्यांनी सुरुवातही केलेली. मामा, त्यांच्या चोचीतून मी माझा संसार ओढून काढला.

पन्नासेक मुळं वाचली. घड्याळात साडेनऊ, म्हणजे आईने न सांगता अगदी वेळेवर कापलेली. अ‍ॅसिड तर सोडाच, आता स्पिरिट कुठून आणायचं? तर माळ्यावर, जाळ्यांच्या मागे, तुमची बाटली होती. (दिवाळीत विसरलात असं तुम्ही सांगता. विसरलेली वस्तू कुणी फडक्यात गुंडाळून ठेवत नाही. मामी पोस्टकार्डं वाचते, म्हणून मुद्दाम अंतर्देशीय घेतलंय.) तिच्यात मुळं बुडवली. दाखवायला पुरे कांदे तरी असावेत म्हणून बारा नवीन कांदे बाटल्यांवर बसवले, वर गरम पाणी ओतलं, थोडं दटावलं. काही फरक पडला नाही. त्यांचं तपासून झाल्याशिवाय ते हलत नाहीत.

सोमवारी कल्याणहून बाहेरचे परीक्षक आले. मी बाटलीचं बूच काढलं आणि सगळी लॅब लग्नाच्या वरातीसारखी दरवळली. परीक्षकांनी आधी माझ्याकडे बघितलं.

"हे कशात ठेवलंयस?" मॅडमनी हळूच विचारलं.

"स्पिरिट, मॅडम."

"कुठलं?"

"देशी."

मॅडमनी एक टोक लाल रंगात बुडवलं, काचेवर चेपलं आणि वाकून बघत राहिल्या. मग मला बोलावलं. काय सांगू मामा, काही पेशींत त्या ऐवजाचे धागे मधोमध रांगेत उभे, काहींत अर्धे इकडे, अर्धे तिकडे, आणि एकीत तर भिंत अर्धी घालून झालेली. बघतच राहिलो. परीक्षक स्वतः बघायला आले आणि बोलले, चालेल, फक्त खिडक्या उघडा. चोवीस पोरांचं प्रॅक्टिकल पार पडलं. मॅडमनी संध्याकाळी प्रिन्सिपलना चिठ्ठी लिहिली. आईला सांगितलं तर बोलली, मग पुढच्या वेळी मलाच बोलाव.

घरी सगळं छान आहे. कालवणही छान झालेलं, खोटं का बोला.

तुमचा भाचा,
कान्हा

ता.क. तर आता गुणाजीकाकांकडे जाऊन या. भाचा कायम झाला, असं सांगा.

ता.क. दुसरा. प्रिन्सिपलची सही अजून व्हायचीय. तुम्ही सावकाश चालत जा, गुडघा दुखतोच आहे. पोचेपर्यंत होईल.

ता.क. तिसरा. मालनला यातलं काहीच माहीत नाही. म्हणून काकांकडे जायच्या आधी मामीला तिच्याकडे विचारायला पाठवा. मालनच ‘नको’ बोलली, तर सहीची घाई नाही.